माझा काढू नका

लातूरच्या डॉक्टरांनी बायकोचे रिपोर्ट चाळले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यांना कुठंतरी फिरवून आणा." या वाक्याचा अर्थ आमच्याकडं रिक्षावाल्यालाही कळतो. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "मग समुद्राला चला. जन्मभर तुमच्या बरण्या पाहिल्या. एखादं जितं दाखवा की."

बरण्या नांदेडच्या कॉलेजातल्या. प्राणिशास्त्र शिकवताना मी तारामासा, खेकडा, समुद्रफूल सगळे फॉर्मॅलिनमधून दाखवले. सगळ्यांचा रंग एकच, उकडलेल्या बटाट्याचा. समुद्र मीही पाहिला नव्हता. निवृत्तीच्या समारंभात मात्र मला 'ज्ञानाचा सागर' म्हणून शाल घातली. शाल अपुरी पडली.

शनिवारी कोकणात पोचलो. मुलीचा कॅमेरा गळ्यात होता. प्राण्यांचे फोटो हे निमित्त; मला बायकोचा एक हवा होता. घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी खांद्याआड, अर्धीच. संध्याकाळी वाळूवर मी कॅमेरा तिच्याकडं वळवला. केस गेलेल्या डोक्यावरून तिनं पदर ओढला.

"माझा काढू नका."

"एकच."

"तो एकच चौकात फ्लेक्सवर लागतो. खाली तुमच्या पुतण्याची अन् त्याच्या मित्रमंडळाची तोंडं, माझ्याहून मोठी. तवर तुमचे खेकडे काढा."

मी खेकडे काढले. होड्या काढल्या, वाळत घातलेली मासळी काढली. सूर्य बुडताना शेजारी एक कुटुंब टाळ्या वाजवत होतं, जणू नाहीतर सूर्यानं आयत्या वेळी माघार घेतली असती.

रविवारी सकाळी ओहोटी होती. खडकांतल्या डबक्यात एक समुद्रफूल पूर्ण उमललेलं सापडलं; हिरवं, टोकांना जांभळं. बरणीतल्याशी त्याचं काही नातं असेल असं वाटेना. मी तिला हाताला धरून नेलं.

"चावल का हो?"

"हे नाही चावत."

तिनं बोट घातलं. पाकळ्या बोटाला चिकटल्या, मिटायला लागल्या.

"धरून राहिलंय की! खायचं म्हणतंय."

"तसंच काहीसं."

"खाऊ द्या. आतून एक खाऊन राहिलंच हाय, याला बी घेऊ द्या वाटा."

आणि ती हसली. कित्येक महिन्यांत तशी हसली नव्हती. कॅमेरा माझ्या डोळ्याला होता, चेहरा पुरा चौकटीत होता. मान न वळवता ती म्हणाली, "काढू नका म्हणलं न्हाई का."

मी कॅमेरा खाली केला आणि हात टिपला. सुयांनी काळानिळा झालेला हात, बोटाभोवती ते फूल. मग पाणी चढायला लागलं आणि आम्ही निघालो.

ती गेली. त्या डबक्याशी ती हसली ते आठवायला मी रोज बसतो. हात दिसतो, फूल दिसतं. फोटोत आहे तेवढंच दिसतं. मनगटाच्या वर काही येत नाही.