खालच्या रांगेतला नारळ

मशीनची किल्ली जवळजवळ महिनाभर माझ्या पर्समध्ये होती. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं.

कर्वेनगरमध्ये आमचं गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर आहे. वीस वर्षं माझ्या नवऱ्याने हातात पाण्याची गन धरून गाड्या धुतल्या. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. धुलाई दोन कामगारांवर गेली आणि हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढायला लागले. कामगार वैतागले, मी वैतागले, आणि सगळ्यात जास्त हे स्वतः. शेवटी आम्ही ठरवलं की थांबलेल्या गिऱ्हाइकांसाठी एक व्हेंडिंग मशीन आणायचं आणि ते ह्यांनी सांभाळायचं. जमलं तर ठीक, नाहीतर सेंटर दुसऱ्याला चालवायला देऊन घरी बसायचं. ‘घरी बसायचं’ म्हणताना ते माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होते.

कंपनीच्या माणसाने आधी कॉफीचं मशीन दाखवलं. हे म्हणाले, इथे दिवसभर फवारा उडतो, पावडरीचे गोळे होतील. मग त्यांनी काचेच्या दाराचं मशीन पसंत केलं, ज्यात तारेची स्प्रिंग फिरली की वस्तू पुढे सरकून खाली पडते. गनपासून लांब, ऊन न लागणाऱ्या भिंतीशी ते उभं केलं. महिनाभर चाचणी, मग करार. अट एकच होती, ठरलेल्या यादीबाहेरची वस्तू आत ठेवायची नाही.

यादी ह्यांनी केली, आणि काय केली! गाडी धुवायला टाकली की माणूस आधी आपल्याच गाडीकडे बघतो, मग फोनकडे, आणि मग त्याला गाडीच्या आतली घाण आठवते, हा ह्यांचा वीस वर्षांचा अभ्यास. म्हणून डोळ्यांसमोरच्या रांगेत काच पुसायचं कापड, डॅशबोर्डचं पॉलिश, कचऱ्याच्या पिशव्या. शाळा सुटल्यावर मुलं बरोबर असतात म्हणून राजगिऱ्याची चिक्की. गाडीत टांगायचे सुगंध दोनच, कारण तिसऱ्याने ह्यांनाच शिंका आल्या. मला वेफर्स हवे होते. आम्ही धुतलेल्या गाडीत तेलकट हातांनी बसणार का लोक, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

पण मशीन भरायचं तर खालच्या रांगेसाठी वाकायला लागणार. म्हणून किल्ली मी घेतली. रोज सकाळी मी दार उघडायचे, हे खुर्चीतून सांगायचे आणि मी भरायचे. हळूहळू निम्मं त्यांच्या मनासारखं आणि निम्मं माझ्या मनासारखं भरायला लागले.

दसरा दोन दिवसांवर आला तेव्हा मी मंडईत झेंडू आणायला गेले आणि तिथे नारळांचे ढीग पाहिले. धुतलेल्या प्रत्येक गाडीची पूजा होणार आणि प्रत्येक पूजेला नारळ लागणार. मी पिशवी भरून आणले. ह्यांनी नको म्हटलं. यादीत नाही, आणि गोल नारळ तारेत अडकेल. मी म्हटलं, खालच्या रांगेत ठेवते, पडून फुटायचा प्रश्न नाही. मग ते म्हणाले, निदान शेंडी तरी काढ.

“शेंडी काढलेला नारळ पूजेला चालतो का कधी?” म्हणत मी किल्ली फिरवली. त्यांनी तोंड गाड्यांकडे फिरवलं. भांडले असते तर बरं झालं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. एका गृहस्थांनी क्यूआर कोड स्कॅन करून नारळाचं बटण दाबलं. स्प्रिंग अर्धी फिरली, शेंडी तारेत गुंडाळली गेली आणि नारळ आडवा झाला. मोटर घुरघुरत राहिली, जळका वास आला आणि मशीनचे सगळे दिवे गेले.

“दर्शन काचेतूनच घ्यायचं का?” गृहस्थांनी विचारलं.

मी पिशवीतला नारळ त्यांच्या हातात दिला. मशीन बंद पडलं की कंपनीला आपोआप कळतं. पाच मिनिटांत फोन आला, आमचा माणूस निघालाय म्हणून. चाचणीचे चार दिवस उरले होते. मी ह्यांचं काम घालवलं होतं.

हे खुर्चीतून उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी ओल्या फरशीवर बसून कात्रीने शेंडीचे धागे कापत होते. “डावीकडून काप. ओढू नकोस,” एवढंच ते अधूनमधून सांगत होते. आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

कंपनीचा माणूस आला. तारेत अडकलेला काथ्या त्याने चिमटीत धरून पाहिला. हे यादीत नाही, मशीन भरतं कोण, असं त्याने विचारलं.

“मशीन माझ्याकडे आहे,” हे म्हणाले. “चूक माझी.”

तीस वर्षांच्या संसारात माझ्या चुका मी दूधवाल्यावर, कुकरवर, नाहीतर ह्यांच्यावरच ढकलल्या आहेत. त्या क्षणी गप्प बसणं सोपं होतं. पण गप्प बसले असते तर मशीन गेलं असतं, आणि ते उरलेलं आयुष्य पंख्याकडे बघत बसले असते.

“नारळ मी ठेवला,” मी म्हणाले. “हे नको म्हणत होते. शेंडी काढ म्हणाले, तेही मी ऐकलं नाही. किल्ली पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच आहे.”

हे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “लिहून दे. हॉलमध्ये लावू.”

तो माणूस हसला नाही. त्याने फ्यूज बदलला, वाकलेली तार सरळ केली, दिवे आले. चाचणी चालू ठेवतो म्हणाला, पण यापुढे मशीन एकाच माणसाने भरायचं आणि काय ठेवायचं तेही त्यानेच ठरवायचं. पुन्हा असं झालं तर विचारायला न येता घेऊन जाईन, असं सांगून तो गेला.

मी पर्समधून किल्ली काढून पुढे केली. ह्यांनी ती लगेच घेतली नाही. मी विचारलं, वाकायचं तर नाही, मग खालच्या रांगेचं काय करणार?

“ती रिकामीच ठेवायची होती,” ते किल्ली घेत म्हणाले. “पहिल्याच दिवशी सांगणार होतो. तू विचारलंच नाहीस.”