सातपुरात घडवलेलं सूर्याचं भांडं

लेथखालचा बुरादा रोज झाडला तरी रोज साचतो. किस्स्यांचंही तसंच. मी ते जमवायला कधी गेलो नाही. नाशिकच्या सातपूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. कामगार चार, पण बोलणं चाळिसांचं! तिथे किस्से आपोआप साचतात.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही स्टेनलेस स्टीलच्या दुधाच्या टाक्या करायचो. एक दिवस गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेचे डॉक्टर साहेब ड्रॉइंग घेऊन आले. मेदूवड्यासारखं गोल, आतून पोकळ भांडं. त्यातली हवा काढायची, थोडा हायड्रोजन सोडायचा आणि तो इतका तापवायचा, की सूर्यात जे चालतं ते या भांड्यात चालावं. पुढेमागे त्यावर वीज करायची.

माझा वेल्डर मधू म्हणाला, "साहेब, भांडं वितळंल ना!"

"तो भांड्याला शिवणारच नाही. चुंबकाने मधोमध धरून ठेवायचा."

"मंग माझं वेल्डिंग काय कामाचं?"

"बाहेरची हवा आत येऊ द्यायची नाही. एवढंच."

ते 'एवढंच' आम्हाला वर्षभर पुरलं!

जाताना साहेब मला म्हणाले, "तात्या, वरचे लोक म्हणतात परदेशातून आणू. मी हट्टाने नाशिकचं नाव घेतलंय. भांडं टेस्टमध्ये नापास झालं, तर पुढचं एकही काम इकडे येणार नाही."

मी चौथीपर्यंत शिकलो. पण नापास कधी झालो नाही. म्हटलं, "होणार नाही."

* * *

भांड्याचे दोन अर्धे भाग नाशिकरोडला वाकवून घेतले. एक भाग टेम्पोत घालून आणताना द्वारका चौकात हवालदाराने अडवलं.

"हे काय आहे?"

मी बोलायच्या आत मधू म्हणाला, "सूर्य हाय, साहेब. अर्धा."

हवालदाराने टेम्पोला एक चक्कर मारली. म्हणाला, "अर्धा का असेना, बाहेर लोंबतोय. लाल फडकं बांधा आणि निघा!"

* * *

भांड्याला आतून उघडा हात लावायचा नाही, असा साहेबांचा नियम. बोटाचं तेल लागलं तरी नंतर आत वायू सुटतो म्हणे. सगळ्यांना पांढरे हातमोजे दिले.

मधूची बायको डबा घेऊन आली, ती दारातच थांबली. "घरी जेवायला बसताना हात धुवा म्हणून दहा येळा सांगावं लागतं यांना. अन् इथं मोजे!"

मधू खाली मान घालून काम करत राहिला. साहेब म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज येत जा!"

* * *

मधूचा मेव्हणा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. कोळसा नको, राख नको, अशी वीज येणार हे ऐकून तो सायकल मारत सातपूरला आला. साहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, खरं सांगा. हे कधी चालू होनार?"

"अजून तीसेक वर्षं तरी लागतील."

मेव्हण्याने बोटांवर हिशेब केला. मग मोकळा श्वास सोडला. "मंग करा सावकाश. मी तोवर रिटायर!"

* * *

टेस्टचा दिवस आला. पंप लावला. हवा निघाली, पण पाहिजे तेवढी निघेना. दाब मोजणाऱ्या मीटरचा काटा एका जागी येऊन अडायचा. साहेबांनी बाहेरून प्रत्येक सांध्यावर हेलियम वायू सोडून तो आत शिरतो का, ते पाहिलं. गळती कुठेच नाही! दुसऱ्या दिवशीही तेच. साहेबांचा चेहरा उतरला.

तिसऱ्या दिवशी साहेब भांड्याभोवती फिरताना थांबले. "मधुकरराव, ड्रॉइंगमध्ये वेल्डिंग फक्त आतून आहे. हे बाहेरचं कुठून आलं?"

दुधाच्या टाकीला आम्ही दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करायचो. मजबुतीसाठी. आमची तीच ख्याती होती. इथे दोन वेल्डिंगच्या मधे हवा कोंडली होती, आणि तीच आतल्या वेल्डिंगच्या एखाद्या बारीक छिद्रातून आत झिरपत होती.

मधू छाती काढून म्हणाला, "साहेब, ते मी माझ्याकडून मारलं!"

* * *

बाहेरचं सगळं वेल्डिंग ग्राइंडरने काढलं. मधूनेच काढलं. मग हेलियमने आतल्या वेल्डिंगचं छिद्र दाखवलं, तेही त्यानेच बुजवलं. पुन्हा पंप लावला. काटा उतरत गेला, अडायची जागा ओलांडून खाली गेला आणि तिथेच राहिला. साहेबांनी मला हात जोडले. मीही जोडले.

तेवढ्यात आमच्या गल्लीतले औषध कारखान्याचे शेठ दारात टेम्पो थांबवून आत आले. दमट हवेने त्यांच्या पावडरीचे गोळे व्हायचे, म्हणून ते कायम वैतागलेले. त्यांनी भांडं पाहिलं, पंप पाहिला.

"यात ओली वस्तू ठेवली तर वाळेल का हो?"

"वाळेल," साहेब म्हणाले. "हवा नसली की पाणी लवकर उडतं."

"हे तुमच्याकडे कधी जाणार?"

"संध्याकाळी ट्रक येईल."

"मग तोवर टेम्पोतली आमची एक गोणी वाळवून घेऊ? हवा तर तुम्ही काढलीच आहे!"

साहेबांनी घाईघाईने मला बाजूला घेतलं. "तात्या, यांना एक वेगळं भांडं करून द्या. आजच्या आज मापं घ्या!"

मी मधूला हाक मारायला वळलो. तो बाहेर शेठच्या टेम्पोत चढून गोणीला मापाची टेप लावत होता.