दोन लायब्रऱ्या आणि उसाची पाळी

कॉलेजात जाणारा मी आमच्या घरातला पहिलाच. सोलापूरला संगणक शिकत होतो. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. त्या हंगामात आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्यानं मला तात्पुरतं कामावर घेतलं. पाऊस झाला नव्हता, उभा ऊस वाळत होता. लागवडीच्या तारखा बघून, आधीचा ऊस आधी, अशी तोडणीची पाळी नवा संगणक लावायचा.

तामलवाडीकडच्या एक मावशी ऑफिसच्या खिडकीशी आल्या.

"माझा ऊस जानेवारीत लावलेला. मागनं लावलेल्या जुलैवाल्यांच्या फडात तोडणीची टोळी गेली. हिरीत थेंब न्हाय, कवा येणार माझी पाळी?"

शेतकी अधिकारी हसले. "मशीन चुकत नसतं, मावशी. इचारा ह्या कॉलेजकुमाराला."

मी मावशींची लागवडीची तारीख लिहून घेतली. मग चूक शोधत बसलो. तारीख वाचण्यासारखी नेहमीची कामं लायब्ररी नावाच्या फायलीत असतात आणि प्रत्येक प्रोग्रॅम तिचा आधार घेतो. इथं नोंदणीचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला जोडलेला, पाळीचा जुनीला. नवी दिवस आधी लिहायची, जुनी महिना आधी वाचायची. मावशींची सात जानेवारी पाळीत एक जुलै होत होती. कारण काय, तर संचालकांची एकमेकांविरुद्धची पॅनेलं दोन, म्हणून लायब्रऱ्यांच्या फ्लॉप्याही दोन, आपापल्या कपाटात कुलूपबंद. फ्लॉप्यांवर तंबाखूच्या बोटांचे डाग. मला किळस आली.

पाळीचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीला जोडला. यादी सरळ झाली आणि संचालकांचे जुलैवाले पाव्हणे खाली गेले.

"कुणी सांगितलं हात लावायला?" अधिकारी म्हणाले.

"साहेब, तारखा उलट्या वाचल्या जात होत्या, म्हणून मला वाटलं..."

"वाटून घेऊ नका. संचालकांची मीटिंग होऊ द्या. तवर जुनंच चालू द्या."

मीटिंगमध्ये उसाचा विषयच निघाला नाही. "त्यांची फ्लॉपी आमच्या मशिनात? जमायचं न्हाय!" एक संचालक टेबलावर हात आपटत होते. दुसरे चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "मग तुमची तरी का म्हणून?" असं बरेच दिवस चाललं. शेवटी नवी लायब्ररी ठेवायचं ठरलं आणि मावशींची पाळी लागली.

टोळीबरोबर मीही गेलो. रानात नुसती खोडकं होती.

"वाळून सरपण व्हायच्या आत जनावरांच्या छावणीला दिला, बाबा," मावशी म्हणाल्या. "गुरांच्या तोंडात तरी गेला."

परत येऊन अधिकाऱ्यांना सांगितलं. त्यांनी मानही वर केली नाही.

"टाका मशिनात. सभासदानं ऊस बाहेर घातला. पुढल्या साली त्यांच्या उसाची नोंद बंद."

मी टाकलं नाही. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. त्यानं मावशींच्या नावावर ते टाकलं; तारीख मात्र या वेळी बरोबर पडली.