मंगळवारचं आरोग्य

नव्वदच्या दशकात नाशकात मुक्त पत्रकार म्हणजे ज्याला ऑफिसात बसायला खुर्ची नाही असा पत्रकार. त्यातून मी विज्ञान आणि आरोग्य लिहायचे, म्हणजे मला उभं राहायलाही जागा नव्हती. निवडणूक आली की माझी जागा जायची, क्रिकेट आलं की जायची, आणि द्राक्षांचा हंगाम आला की संपादकांना अचानक माझी आठवण व्हायची. "द्राक्षं हृदयाला चांगली, असं काहीतरी द्या," ते म्हणायचे. "चांगली आहेत का ते आधी कुणाला विचारू का?" असं म्हटलं की मी त्यांना उद्धट वाटायचे. मी होतेही.

त्यातल्या त्यात पक्कं काम म्हणजे मंगळवारचं आरोग्याचं सदर. ते शहरातल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांचं होतं. म्हणजे फोटो त्यांचा, नाव त्यांचं आणि मजकूर माझा. दोन पेशंटच्या मधल्या वेळात डॉक्टर मला चार गोष्टी सांगायचे, त्यातली एखादी तर फोनवरच्या माणसाला सांगितलेली असायची. तेवढ्यावर मी रकाना भरायचे. छापून आलेलं ते कधी वाचत नसत, फोटो नीट आलाय ना एवढं बघत. सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'शब्दांकन : प्रतिनिधी' असं यायचं. ती प्रतिनिधी मी.

या सदराचा आमच्या घरात एक कट्टर वाचक होता, माझे वडील. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना मूळचे चांदवडकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात उभा जन्म लेथवर काढून निवृत्त झालेले. माझं काम त्यांच्या लेखी काम नव्हतंच. "डॉक्टर सांगतात, ही उतरून घेती," असं ते पाहुण्यांना समजावून सांगायचे. मी जेवताना म्हटलं, नाना, रोज चालायला जा, तर त्यांना ऐकू यायचं नाही. तेच मंगळवारी डॉक्टरांच्या फोटोखाली आलं की बुधवारी सकाळी नाना कॅनव्हासचे बूट चढवून त्र्यंबक रोडला. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता आणि चहात दोन चमचे साखर होती. मी सदरात साखरेवर लिहिलं, दोनाचा एक चमचा झाला.

आईच्या हे लगेच लक्षात आलं आणि ती मला विषय द्यायला लागली. "पुढच्या मंगळवारी लोणच्याचं घे," ती भाकरी थापता थापता सांगायची, "बरणी निम्मी झाली." संपादकांपेक्षा आईचे विषय कितीतरी चांगले असायचे. सदर अगदी घरातलं वाटतं, असं वाचक कळवायचे. वाटणारच.

मग एका शुक्रवारी आईला फरशीवर रक्ताचे डाग दिसले. ते नानांच्या पायापर्यंत जात होते. चपलेतून वर आलेला खिळा त्यांच्या उजव्या अंगठ्यात घुसला होता, आणि नाना तसेच सगळा बाजार करून, भाजीची पिशवी घेऊन आरामात घरी आले होते. त्यांना पत्ताही नव्हता. जुन्या मधुमेहात पायाची जाणीव जाते आणि तिथूनच पाय जायची सुरुवात होते, हे डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. त्यावर लिहायचं मात्र राहून गेलं होतं.

"नाना, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला."

"कशाला? दुखतंय कुठं? हळद दाबली की."

"दुखत नाही, हेच वाईट आहे."

"दुखलं तरी वाईट, नाय दुखलं तरी वाईट. तू डॉक्टर हाय का?"

आई रडली, मी आरडाओरडा केला, नानांनी टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, घेऊन या. घेऊन यायचं तर नानांनी यायला हवं ना! शेवटी आईच म्हणाली, "लिही बाई."

मी इतकं जीव तोडून आजवर काही लिहिलेलं नाही. तो लेख एका माणसासाठी होता, बाकी शहराला फुकट मिळाला. नाना बिचकू नयेत म्हणून सुरुवात मुद्दाम गोडीगुलाबीची ठेवली. पाय कसे धुवावेत, पाणी कोमट आहे का ते कोपरानं कसं बघावं, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या कराव्यात. घाव शेवटासाठी राखून ठेवला. तो शेवट लिहून झाल्यावर मला स्वतःलाच टाळी द्यावीशी वाटली.

सोमवारी मजकूर देऊन मी चाळीत साठवलेल्या कांद्याला लागणाऱ्या सडीवर लिहायला चांदवडला गेले आणि तिथे आत्याकडे राहिले. गुरुवारी परतले तर नाना ओट्यावर प्लास्टिकच्या टबात पाय सोडून बसलेले, एकदम खूश. "पाणी कोपरानं बघितलं," ते म्हणाले. "मंगळवारपासून चालू हाय, डॉक्टरनं लिहिलं तसं." त्यांनी पाय बाहेर काढून दाखवला. अंगठ्याचं टोक काळं पडलं होतं आणि त्याला वास येत होता.

मी पेपर शोधला. लेख 'जखम असल्यास ती कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी' इथे संपला होता. त्याखाली, माझ्या शेवटाच्या जागी, एका नेत्याला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा होत्या. नेता गॉगलमध्ये, खाली ओळीनं शुभेच्छुक.

"नाना, पुढे लिहिलं होतं, आजच्या आज डॉक्टरला दाखवा म्हणून!"

"कुठं लिहिलंय? दाखव."

"कापलं त्यांनी."

"डॉक्टरचं लिहिलेलं कोण कापंल?"

मी सरळ थाप मारली. लेख वाचून ज्यांनी पाय धुतले त्यांना डॉक्टरांनी भेटायला बोलावलंय, म्हटलं. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो, इतके दिवस काय करत होतात?"

"तुम्ही लिहिलं तेच की."

"मी? मी काय लिहिलं?" मग ते माझ्याकडे वळले. "काय लिहिलं होतं हो आपण या वेळी?"

साहेबाला मशीन चालवताच येत नाही हे पहिल्यांदा कळल्यावर कामगार जसा बघेल, तसे नाना डॉक्टरांकडे बघत राहिले. नंतर माझ्याकडे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही रिक्षानं तसेच हॉस्पिटल गाठलं.

दुसऱ्या दिवशी अंगठा काढला. पाय वाचला. आणखी थोडे दिवस पाणी चाललं असतं तर पायही गेला असता, असं सर्जननी सांगितलं. मी तिथून तडक पेपरच्या ऑफिसात गेले आणि पान लावणाऱ्या उपसंपादकाला फाडून खाल्लं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, जाहिरात आयत्या वेळी आली. मजकूर खालूनच कापतात. महत्त्वाचं वर घ्यायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायचं का?" तो चुकीचं काही बोलत नव्हता, म्हणून मी आणखी ओरडले. संपादकांनी चहा मागवला. तो मी प्यायले नाही.

हॉस्पिटलात नाना उशीवर पाय ठेवून पडले होते. आई डबा आणायला घरी गेली होती.

"म्हणजे समदं तूच लिहिती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चालायचं? साखरेचं?"

"हो."

"लोणच्याचं?"

"ते आईचं."

"तरीच," नाना म्हणाले आणि थोडे हसले. मग म्हणाले, "खाली काय लिहिलं होतं, ते सांग."

मला ते पाठ होतं. मी सांगितलं. "जखम आहे आणि दुखत नाही, म्हणून खूश होऊ नका. दुखणं ही पायानं मारलेली हाक असते आणि तुमच्या पायाची हाक बंद झाली आहे. आता हळद नको, पाणी नको, उद्या नको. आजच्या आज डॉक्टरकडे जा. घरचं कुणी सांगत असेल, तर त्यांचं ऐका."

नानांनी डोळे मिटून ऐकलं. माझं लिहिणं माझं म्हणून त्यांनी ऐकायची ती पहिलीच वेळ.

"चांगलं लिहिलं होतं," ते म्हणाले. मग बँडेजकडे बघून म्हणाले, "पण वरती लिहायचं ना गं."