चिंधी बांधलेला दुधी

आमच्या भाओजींना प्रत्येक गोष्ट निवडून लागते. लग्नाच्या जेवणातही ते गुलाबजामच्या भांड्यात डाव तळापर्यंत घालतात, कारण मुरलेले खाली असतात म्हणे. यातली निम्मी चिकित्सा आमच्या ताईने नवरा बघताना केली असती, तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

मुलुंडच्या भाजीबाजारात ते टोपलीतल्या एकूण एक दुध्याला नख लावून बघतात. भाजीवाल्या मावश्या त्यांना लांबून पाहूनच टोपलीवर गोणपाट ओढतात. "क्वालिटी ओळखता आली पाहिजे रे," असं ते मला ऐकवतात. मी चाळिशी ओलांडली, तरी त्यांच्या लेखी अजून शिकाऊच आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या सईच्या शाळेने तिसरीतल्या मुलांना घरच्यांसकट बदलापूरजवळच्या एका शेतावर नेलं. मुलांनी आपल्या हाताने भाजी तोडायची आणि पिशवीत मावेल तेवढी घरी न्यायची. ताईला रजा मिळाली नाही म्हणून भाओजींबरोबर मी गेलो. शेतावरच्या काकूंनी मुलांना मांडवाखाली नेऊन लाल चिंधी बांधलेला एक दुधी दाखवला. वेलावरचा सगळ्यात चांगला दुधी बियाण्यासाठी राखतात, तो वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं सांगून त्यांनी सईला राखणीला उभं केलं. पोरगी एवढी खूश झाली की भेंड्या तोडायलाही जाईना.

भाओजी तिथे पोचले ते इतरांच्या पिशव्यांत डोकावत. एवढा मोठा दुधी समोर असताना त्यांना चिंधी कुठून दिसणार? सई आडवी आली. हा बियाण्याचा आहे, मी काकूंना शब्द दिलाय, म्हणाली. त्यांनी तिला बाजूला सारलं आणि दुधी पिरगळून तोडला.

"वेडी आहेस. चांगला माल असाच लपवून ठेवतात."

बाजारात नख लावल्याशिवाय हलत नाही हा माणूस, इथे नख लावायचंही त्याला सुचलं नाही. मी मांडवाच्या पलीकडे मेथी घेऊन उभा होतो. मीही काही बोललो नाही.

काकू आल्या. भाओजींकडे न बघता सईला म्हणाल्या, "असू दे बाळा. महिनाभर राहिला असता तर बी धरलं असतं."

घरी ताईची सुरी त्या दुध्यात शिरेना. शेतकऱ्यांनी जून माल गळ्यात मारला, असं म्हणत भाओजींनी तो ओल्या कचऱ्यात टाकला. सई जेवली नाही.

यंदाच्या सहलीचा फॉर्म आला तेव्हा मी त्यांच्याकडेच होतो. सोबत कोण येणार, या रकान्यात सईने माझं नाव लिहिलं होतं. भाओजींनी ते दोनदा वाचलं.

"मामा येणार?"

"हो. तेव्हा मामा मांडवात असता तर त्याने दुधी तोडू दिला नसता."

त्यांनी मुकाट्याने सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या माणसाची दया आली. आणि तेव्हा मांडवाच्या पलीकडे मीच उभा होतो, हे सईला सांगायचं धैर्य मला झालं नाही.