टाक कुठल्या देवाचा

मला लहानपणापासून सगळ्यांचा संशय येतो. दूधवाल्याच्या मापापासून ते नात्यातल्या गोडबोल्या बायकांपर्यंत सगळ्यांचा. माझी मैत्रीण अगदी उलट. तोंडातून शब्द काढायची नाही, आणि कुणी काही सांगितलं की खरंच धरून चालायची. लढाईच्या त्या वर्षांत आम्ही दोघी सांगलीत एका वर्गात होतो. ती पोरकी, मामाकडे राहायची. मी शेजारच्या घरात.

तिला सोळावं लागलं आणि मामांनी रहिमतपूरचं स्थळ आणलं. मुलगी बघायला मुलाची आई एकटीच आली. मुलगा म्हणे कामात होता. इथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मैत्रिणीला चालवून झालं, सुईत दोरा ओवायला लावून झालं. बाई खूश. पोहे खाता खाता म्हणाल्या, "दागिन्याचं तुमी काय बघू नका. मंगळसूत्र घरचंच हाय. टाकबी सोनाराकडं करायला दिलाय."

मामी भाबडेपणानं म्हणाल्या, "देवघरात नवा देव येणार म्हणायचा."

देवांचे टाक सगळ्यांच्याच देवघरात असत. पण दुसरेपणावर दिलेल्या बाईला मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात बांधावा लागे. माझ्या थोरल्या काकूच्या गळ्यात तो मी रोज बघत होते. नवरीच्या दागिन्यांत देव कशाला येईल?

"टाक कुठल्या देवाचा?" मी विचारलं.

बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मामा माझ्यावर खेकसले, "मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नकोस. ऊठ, घरी जा." मी हलले नाही. बिजवराच्या घरी ही पोरगी डोळे झाकून गेली असती. रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई सावरून हसल्या. "पोर लय आगाव हाय. मैत्रिणीचं चांगलं झालेलं बघवत नसंल."

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. ही आता बाईंचंच खरं मानणार, असं मला वाटलं. तिनं पदर सारखा केला, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझा हात धरला. मग हळूच बाईंना विचारलं, "त्यांचं नाव काय होतं हो?"

इतक्या मायेनं विचारलं, की बाईंच्या तोंडून नाव निघून गेलं.

"कुणाचं नाव?" मामी म्हणाल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि आम्हाला मुलगी द्यायची नाही, असं त्यांनी तिथंच सांगून टाकलं. मामा बशीतले पोहे चिवडत बसले होते. कुणाचं नाव, हे त्यांनी विचारलंच नाही.