सिंगापूरचं बारसं, पाटोद्याचा राउटर

“हे डबडं काढा आन् घेऊन जा तुमचं,” महालिंगअप्पा म्हणाले.

सकाळचे दहा वाजले होते. मी पाटोद्यात त्यांच्या बैठकीत सतरंजीवर पालथा पडून राउटरचे दिवे बघत होतो. सगळे हिरवे. इंटरनेट मात्र येत नव्हतं.

डबडं म्हणजे राउटर. घरात आलेलं एक इंटरनेट दोन-तीन कॉम्प्युटरना वाटून देणारी पेटी. माझं बीडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पाटोद्यात केबलवाल्यानं टीव्हीच्या खांबांवरूनच इंटरनेटची वायर नुकती फिरवली होती, आणि कापडाचे व्यापारी महालिंगअप्पा यांनी ती सगळ्यांत आधी घरी घेतली होती. कॉम्प्युटर होता माडीवर.

साडेअकराला बारसं होतं. बाळ होतं सिंगापुरात.

अप्पांचा धाकटा भाऊ संतोष तिथं नोकरीला. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगी झाली होती. बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं. आत्या म्हणजे शोभाताई, अप्पांची बहीण, शाळेत बाई. त्यांचं विमानाचं तिकीटसुद्धा काढून झालं होतं, आणि आठवड्यापूर्वी त्या स्कूटीवरून पडल्या. मांडीपर्यंत प्लास्टर. जिना चढायचा प्रश्नच नव्हता. म्हणून खाली बैठकीत नवा कॉम्प्युटर, कॅमेरा आणि माईक आणला होता. माडीवरची इंटरनेटची वायर खिडकीतून खाली सोडून मी ती राउटरमध्ये लावली होती. जुनाच कॉम्प्युटर खाली आणला असता, पण त्याचं विंडोज इतकं जुनं की नवा कॅमेरा ते ओळखेचना.

“कावून चालंना ओ?” शोभाताईंनी पलंगावरून विचारलं. नवी पैठणी, केसांत गजरा, आणि पाय दोन उशांवर. “बाराला लाइट जाती बरं का.”

“बघतो, ताई.”

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. मधली वस्तू काढून बघायची. मी राउटर बाजूला ठेवला आणि वायर थेट नव्या कॉम्प्युटरला लावली. तरी नाही. तीच वायर वर नेऊन जुन्याला लावली. लगेच चालू. म्हणजे वायर चांगली होती आणि राउटरवरही मी उगाच संशय घेत होतो. या कनेक्शनला तो जुना कॉम्प्युटर सोडून दुसरं कुणी चालतच नव्हतं.

केबलवाल्याला फोन लावला.

“राउटर लावा की, आमची ना न्हाई,” तो म्हणाला. “पण आमच्याकडं वरच्या कॉम्प्युटरचाच नंबर नोंदलेला हाय. तो बदलणारा माणूस बाहेरगावी गेलाय. उद्या येईल.”

“बारसं आज आहे.”

“मग पेढे पाठवा,” म्हणाला आणि फोन ठेवला.

तरी त्यानं माझं काम केलं होतं. गाडीला जसा चासी नंबर, तसा प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर येतो. त्याला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. राउटरचा नंबर वेगळा, म्हणून केबलवाल्याची मशीन त्याला दारातच अडवत होती. पण राउटरला दुसऱ्याचा नंबर लावता येतो. त्यासाठी सेटिंगमध्ये ‘क्लोन’ नावाचं बटण असतं.

मी बटण दाबलं. अकरा वाजून गेले होते. बैठकीत शेजारच्या बायका जमायला लागल्या होत्या. दोन मिनिटं थांबलो.

काहीच नाही.

सेटिंगचं पान पुन्हा वाचलं. आणि मग स्वतःचीच चूक दिसली. ते बटण आपण ज्या कॉम्प्युटरसमोर बसलोय, त्याचा नंबर उचलतं. मी बसलो होतो नव्या कॉम्प्युटरसमोर. म्हणजे ज्याला आधीच नकार मिळाला होता त्याचाच नंबर मी राउटरला चिकटवला होता.

माडीवर पळालो. जुन्याचा नंबर स्क्रीनवर काढला आणि पेनानं तळहातावर लिहून घेतला. आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा. खाली येईस्तोवर हात घामानं ओला, आणि एक अक्षर पुसट झालं होतं.

“अप्पा, वर जा!” मी म्हणालो. “शेवटून तिसरं काय आहे? आठ का बी?”

अप्पा या वयात दोन-दोन पायऱ्या ओलांडत गेले. वरून आवाज आला, “बी! बीडचा बी!”

“नक्की?”

“अरे, चाळीस वर्षं मापाच्या पट्टीवर आकडे वाचतो मी! बी हाय!”

नंबर हातानं टाकला. राउटर बंद केला, थोडं थांबलो, पुन्हा चालू केला. नव्या कॉम्प्युटरवर पान उघडलं, आणि मी इतक्या जोरात “आलं!” ओरडलो की दारातल्या बायका दचकल्या.

साडेअकराला पाच कमी असताना पडद्यावर संतोष दिसला. त्याच्यामागं पाळणा. चित्र अडखळत होतं, पण पाळण्यातली मूठ स्पष्ट हलत होती. शोभाताई पदर डोळ्यांना लावून नुसत्या बघत राहिल्या.

“ताई, माईक,” मी म्हणालो.

नाव त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. संतोषनं तिकडं स्पीकर बाळाच्या कानाशी धरला. शोभाताई माईकजवळ वाकल्या, “कुर्रर्र” केलं आणि हळूच म्हणाल्या, “ईश्वरी.” इकडं बायकांनी रिवाजाप्रमाणं त्यांच्या पाठीत गुद्दे घातले. “अगं हळू, प्लास्टर हाय!” अप्पा ओरडले. “पाठीला कुठं हाय?” एक बाई म्हणाली आणि अजून एक गुद्दा घातला. हा सगळा दंगा दोन सेकंदांनी सिंगापूरला पोचला असावा, कारण तेव्हा कुठं बाळ दचकलं आणि रडायला लागलं. संतोष हसत होता. अप्पा हसता हसता नाक पुसत होते.

बरोबर बाराला लाइट गेली. तोवर सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या होत्या.

तेव्हापासून कुठंही राउटर बसवायला गेलो, की चालू कॉम्प्युटरची वायर काढण्याआधी त्याचा नंबर कागदावर लिहून घेतो. तळहातावर नाही.